गोलपोस्टाखालची माती

मे महिन्यात आमच्या मैदानावर अकरा लग्नं लागली, दोन मुंजी झाल्या आणि एक क्रिकेटची टूर्नामेंट झाली. सगळे जेवून-खेळून आपापल्या घरी गेले आणि मांडवाचे खड्डे तेवढे मागे ठेवून गेले. ते खड्डे जूनमध्ये बुजवायचे आणि मग फुटबॉल सुरू करायचा, ही आमच्या शाळेची गेल्या नऊ वर्षांची रीत. मैदान महापालिकेचं आहे, आम्हाला ते सकाळी सात ते साडेनऊ मिळतं. खड्डे नेमके कुणी बुजवायचे यावर कुणाचं कधी एकमत झालेलं नाही, म्हणून ते आमचे.

मी निलेश. घाटकोपरच्या डोंगराखालच्या एका मराठी हायस्कुलात पीटी शिकवतो आणि मुलींची फुटबॉल टीम सांभाळतो. शाळा सुरू व्हायच्या आधीचे हे पंधरा-वीस दिवस म्हणजे आमची पेरणीची वेळ. जुलैत आंतरशालेय सामने लागले की मग नवीन काही शिकवता येत नाही, जे अंगात मुरलंय तेवढंच खेळता येतं. पण नेमक्या याच दिवसांत अर्धी टीम कोकणात असते. कणकवली, लांजा, देवगड. मे महिन्यात गावाला जायचं नाही असं या पोरींच्या घरी सांगून बघा, आईबाप शाळेतूनच नाव काढून घेतील. दहा जूनपर्यंत एकेक करून परत येतात त्या फणस आणि आंबे खाऊन. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मैदानाच्या दोन फेऱ्यांत त्यांच्या तोंडाला फेस येतो.

त्या वर्षी बारा तारखेला सतरापैकी चौदा जणी हजर झाल्या. आमचा पहिला दिवस नेहमी खिळे वेचण्यात जातो. मांडववाले खिळे तसेच टाकून जातात, म्हणून सगळ्या जणी एका ओळीत उकिडव्या बसतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने माती चाचपत सरकतात. मैदानाचा माळी लवू त्यांच्या मागून दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक ओढत येतो. त्या दिवशी पाऊण डबा खिळे निघाले. शिवाय एक जोडवं निघालं आणि कुणाच्या तरी वरातीतला फेट्याचा तुरा. तुरा आमच्या कॅप्टनने, श्रुतिकाने, केसांत खोचला आणि दिवसभर तशीच मिरवत होती.

आमची गोली होती निधी. नववीतली, अंगाने बारकी, बोलायला कमी. गोली होईल असं तिच्याकडे बघून कुणाला वाटलं नसतं. पण बॉल सुटला की तिचे पाय आधीच हललेले असायचे. आदल्या वर्षी आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो ते निम्मं तिच्या जिवावर. तिच्याखेरीज गोलमध्ये उभी राहील अशी दुसरी मुलगी आमच्याकडे नव्हती.

खड्डे बुजले, रोलर फिरला आणि रेषा आखायची वेळ आली, तर खडूची पावडर नाही. शाळेने मागवलेली पोती आलीच नव्हती. घरी जेवताना मी सहज बोललो. माझे वडील कुंडलिक, वय पंचाहत्तर, गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं लोकांच्या घरांना सफेदी करून त्यांनी आम्हाला वाढवलं. त्यांना माझ्या फुटबॉलमध्ये कधी रस नव्हता, पण पांढऱ्या रंगाचा विषय निघाल्यावर ते गप्प कसे बसणार?

"खडू कित्याक होयो? चुनो घे," ते म्हणाले. "आमच्या गावाक कबड्डीचा मैदान चुन्यानच आखीत. धा दिवस जाणा नाय."

मी हार्डवेअरच्या दुकानातून चुन्याच्या भुकटीची दोन पोती आणली. स्कूटरच्या पुढ्यात ठेवून आणली, म्हणजे पहिला हात माझाच लागला होता. सोमवारी सकाळी मी आणि लवूने दोरी ताणून रेषा मारल्या. काय उठून दिसल्या म्हणून सांगू! गोलरेषेवर तर मी तीन-तीन हात फिरवले. वडिलांच्या हातची सफेदी आठवली आणि बरं वाटलं.

मंगळवारी वारा सुटला होता. धूळ डोळ्यांत जायला लागली, तेव्हा मी लवूला गोलसमोर पाणी मारायला सांगितलं.

"रेषेवर पण मारू काय सर?" त्याने विचारलं.

"मार रे सगळीकडे. पोरी आंधळ्या होतील नाहीतर."

पाणी मारल्यावर गोलसमोरची जागा कशी मऊ झाली. गोलीला झेपा घ्यायला याहून चांगली जमीन मिळणार नाही असं वाटून मी निधीला उभं केलं आणि बॉल मारायला लागलो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ती पडत होती, उठत होती. जर्सी आणि हाफपँट ओल्या पांढऱ्या चिखलाने माखली. पाऊण तासाने ती उठून कोपर झाडायला लागली.

"सर, चुरचुरतंय," ती म्हणाली.

"माती आहे गं. काही होत नाही."

अजून पाच-सहा बॉल झाले. ती परत थांबली. "सर, खरंच चावतंय. कपडे बदलून येऊ का?"

आता माझं डोकं फिरलं. तीन जणी अजून गावाहून यायच्या, बाकीच्या धापा टाकतायत, आणि ही कपडे बदलायचं म्हणते. उचलली जीभ लावली टाळ्याला. मैदानभर ऐकू जाईल असा मी ओरडलो, "गोलीला कातडीचं कौतुक असून चालत नाही! एवढं नाजूक असशील तर घरी बसून मेंदी काढ!"

पोरी हसल्या. श्रुतिका तर मोठ्याने हसली. निधीने मान खाली घातली आणि पुन्हा गोलमध्ये जाऊन उभी राहिली. प्रॅक्टिस संपेपर्यंत तिने एकही बॉल सोडला नाही. मी घरी येताना मनात म्हटलं, बघ, जरा झापलं की कशी खेळते.

दुपारी एकला जेवायला बसलो. आमटीभात कालवला आणि बोटं पेटली. आमटी गरम नव्हती. उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी लाल होऊन चिरली होती आणि आमटीतला कोकमाचा आंबटपणा तिथे झोंबत होता. मी हात झटकला तसा वडिलांनी तो पकडला.

"काय झाला रे? बोटां दाखय." त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "ह्या चुन्याचा काम. वलो लागलो काय तुका?"

"थोडा. पाणी मारलं होतं सकाळी."

"पाणी?" त्यांनी माझा हात सोडला. "चुन्यार पाणी? अरे, चुनो सुको आसा तवसर गरीब. वलो झालो की कातडी खाता. सफेदी करताना आमी आंगाक खोबरेल लावन काम करू. तुका सांगूक होया होता रे मिया."

पान खाणाऱ्याला हे कळतं. चुना जास्त झाला की तोंड भाजतं, हे शाळेच्या दारातला पानवालासुद्धा सांगेल. मला मात्र ते तोपर्यंत सुचलं नव्हतं. माझी नुसती बोटं लागली होती. ती पोर दीड तास त्या चिखलात लोळत होती आणि तेच ओले कपडे अंगावर घेऊन डोंगर चढून घरी गेली होती.

ताटावरून तसाच उठलो. आधी लवूला फोन करून सांगितलं की गोलजवळ दोरी बांध, कुणाला जाऊ देऊ नकोस. मग निधीच्या आईला, मानसीताईंना, फोन लावला. मी काय बोललो ते आजही आठवलं की मान खाली जाते. मी म्हणालो, "मैदानावर काहीतरी असेल ताई, तिला ॲलर्जी झाली असेल. चुरचुरतंय ती जागा वाहत्या पाण्याखाली वीस-पंचवीस मिनिटं धरा आणि डॉक्टरला दाखवा." चुना हा शब्द मी उच्चारला नाही. त्या म्हणाल्या, बरं सर, आणि फोन ठेवला.

दुपारभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. फोन वाजला की उचलायच्या आधी दोनदा नंबर बघायचो. चोराच्या मनात चांदणं. शाळेत कळलं तर काय होईल, मोठ्या बाई काय म्हणतील, उद्या आईबाप पोरींना पाठवतील का, हेच डोक्यात. निधीच्या हाताचं काय झालं असेल हे त्याच्या नंतर येत होतं, हे खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी सातला माझी बायको सुलक्षणा कामावरून आली. ती डोळ्यांच्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते. दिवसभर लोकांच्या थापा ऐकून तिला माणूस अर्धं बोलतोय की पूर्ण, हे लगेच कळतं. वडिलांनी तिला बोटांची गोष्ट सांगितली आणि तिने पर्स खाली न ठेवताच मला विचारलं, "तिच्या आईला चुन्याचं सांगितलंस?"

"धुवायला सांगितलं. डॉक्टरला दाखवायला पण सांगितलं."

"चुन्याचं सांगितलंस का?"

"उद्या सकाळी प्रत्यक्ष जाऊन…"

"उद्या कशाला? पाय मोडलेत का तुझे? ऊठ."

मी उठलो. त्या बाईने मला त्या वेळी ढकललं नसतं तर मी उद्याचं परवा केलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण तिचे इतके उपकार मला आधी कधी वाटले नव्हते.

निधीचं घर डोंगरावर, एकशे चाळीस पायऱ्या चढून. दारातच शेगडी मांडून मानसीताई पोळ्या करत होत्या. डब्यांच्या पोळ्या करून त्यांनी दोन मुली वाढवल्या. नवरा बोटीवर, वर्षातून दोन महिने घरी. मला बघून त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

"या सर, बसा. चहा टाकू?"

"नको ताई. निधी कशी आहे?"

"आत आहे. डॉक्टरने पट्टी बांधलीय, कोपरापासून मनगटापर्यंत आणि कमरेला. म्हणाला, भाजलंय." त्यांनी लाटलेली पोळी तव्यावर टाकली. "ही म्हणते मैदानात पडले. पडल्यावर कुणी भाजतं का सर? मला काय वेडी समजते? मी म्हटलं, खरं सांग, कुणाच्या बाईकवर बसली होतीस? सायलेन्सर लागलाय तुला. आपल्या वाडीतली ती एक पोरगी अशीच भाजून आली होती, नंतर कळलं कुणाबरोबर फिरत होती. ही बोलायलाच तयार नाही. नुसती रडते. दिली एक ठेवून. मोबाइल काढून घेतला. आणि सर, तुम्ही फोन करून तिला सांभाळून घेतलंत ते कळलं मला. तुमचा जीव आहे पोरींवर. पण आता फुटबॉल बंद. उद्यापासून ती येणार नाही."

मी उंबऱ्याशी उभा होतो. आतल्या खोलीत, पडद्याच्या खालून, निधीचे पाय दिसत होते. घोट्याला अजून पांढरं काहीतरी लागलेलं होतं.

"ताई, ती खरं बोलतेय," मी म्हणालो. "मी रेषा मारायला चुना आणला होता. त्यावर मीच पाणी मारायला लावलं. ती दीड तास त्यात पडत होती. चुन्याने भाजलंय तिला. माझ्यामुळे."

मानसीताईंच्या हातातलं लाटणं थांबलं.

"दुपारी फोन केलात तेव्हा हे माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि सांगितलं नाहीत."

"नाही."

"का?"

"घाबरलो."

"पोरींना रोज काय शिकवता सर तुम्ही? बॉलला घाबरू नका म्हणून ना?" त्यांचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मी पोरीला मारलं. माझ्या हाताने मारलं. नाही नाही ते बोलले. तिने दहा वेळा सांगितलं, आई, मी पडले, आई, मी पडले. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर…"

पायऱ्यांवरून जाणारी एक शेजारीण थांबून ऐकायला लागली. मी तसाच उभा राहिलो. तिने ऐकलं ते बरंच झालं, सायलेन्सरची गोष्ट वाडीत गेली असेल तर हीही जाऊ दे.

आतून निधीचा आवाज आला, "आई, पोळी जळतेय."

मानसीताईंनी पोळी उचलून बाजूला टाकली. मग उठल्या, कपाटावर चढवून ठेवलेला मोबाइल काढला आणि आत जाऊन निधीच्या उशाशी ठेवला. आत दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. निधी हळू आवाजात काहीतरी सांगत होती. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मेंदी काढ म्हणालात तिला, सगळ्यांसमोर. मग सांगायचंय ते पण सगळ्यांसमोर सांगा. मी येते उद्या ऐकायला."

"निधी येईल?"

"तिचं तिला विचारा."

मी पडद्याजवळ गेलो. निधी भिंतीला टेकून बसली होती, पट्टीचा हात मांडीवर. तिच्या डाव्या गालावर बोटं उठली होती.

"चुकलं माझं, निधी."

ती माझ्याकडे बघत नव्हती. पट्टीकडेच बघत म्हणाली, "मी दोनदा सांगितलं होतं, सर."

"हो."

"मी नाटक नव्हते करत."

"माहीत आहे मला."

"आता माहीत आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सातला सगळ्या पोरी जमल्या. मानसीताई आल्या, कंबरेला पदर खोचलेला. त्यांच्या मागे निधी, शाळेच्या ड्रेसमध्ये, बूट न घालता. ती बाकावर लांब बसली. माझे वडीलही आले होते. त्यांना मी बोलावलं नव्हतं. रिक्षा करून एकटे आले आणि लवूच्या स्टुलावर जाऊन बसले.

मी शिट्टी वाजवली नाही. पोरींना खाली बसायला सांगितलं आणि मीही बसलो. नऊ वर्षांत मी त्यांच्यासमोर खाली कधी बसलो नव्हतो. चुना, पाणी, फोन, सगळं सांगितलं. घाबरून अर्धं बोललो तेही सांगितलं. "काल निधी जे म्हणत होती ते शंभर टक्के खरं होतं. भाजत असताना ती पाऊण तास गोल अडवत होती आणि मी तिची टिंगल केली. मी तिची माफी मागतो."

मैदानाच्या पलीकडे फिरायला आलेले म्हातारे थांबून बघत होते. मला वाटलं, झालं, आता या पोरी माझं कधी ऐकायच्या नाहीत.

श्रुतिका उभी राहिली. "सर, आम्ही पण हसलो." ती निधीकडे वळली. "सॉरी यार." मग परत बसली, पुन्हा उठली. "सर, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"नाही."

"माझा घोटा एप्रिलपासून दुखतोय. गावाला सुजला होता. आजीने निवडुंग बांधला. तुम्ही टीममधून काढाल म्हणून बोलले नाही."

मी तिच्या पायाकडे बघितलं. दोन मोजे चढवले होते. रोज तिला मी सगळ्यांच्या पुढे धावायला लावत होतो.

मग अस्मिता. तिचे बूट तिच्या मोठ्या बहिणीचे असतील असं मी धरून चाललो होतो, ते धाकटीचे निघाले. एक नंबर लहान. तिने बूट काढून अंगठा दाखवला, नख काळं पडलं होतं. मग उत्तरा, आमची सगळ्यात वेगवान पोरगी, तिने मोज्यातून दम्याचा पंप काढला. "धावता धावता तुम्हाला पाठ केली की ओढते सर," ती म्हणाली. सगळ्यांच्या शेवटी श्रुतिकाच पुन्हा म्हणाली, "आणि सर, महिन्यातले ते दिवस असतात ना, तेव्हा काही जणींच्या पोटात खूप दुखतं. तुम्हाला कसं सांगायचं? तुम्ही म्हणणार, काही होत नाही."

चौदापैकी नऊ जणींना काही ना काही होत होतं. मी इतकी वर्षं छाती फुगवून सांगत होतो की माझी टीम कधी कुरकुरत नाही. त्या कुरकुरत नव्हत्या कारण मी ऐकत नव्हतो. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त काहीतरी वाटलं. एका माणसाने इतकी मोठी चूक केल्यावर त्याच्यासमोर आपलं दुखणं उघडं करायला मोठं मन लागतं. त्या पंधरा-पंधरा वर्षांच्या पोरींनी ते केलं. मी त्यांचा कायमचा ऋणी आहे, आणि हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. अस्मिता म्हणाली, "काय सर, एवढं काय," आणि बूट घालायला लागली. मी तिला तो घालू दिला नाही.

मानसीताई निघाल्या. "माझ्या पोळ्या राहिल्यात," त्या म्हणाल्या. जाताना मला म्हणाल्या, "बरं झालं सर." तेवढंच. त्यांनी शाळेत तक्रार केली असती तर कुणी त्यांना चूक म्हटलं नसतं. मीच मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं. बाईंनी लेखी घेतलं, ताकीद दिली, आणि मग विचारलं की पोरीला आता कसं आहे. तो प्रश्न त्यांनी विचारला म्हणूनही मला बरं वाटलं.

त्या आठवड्यात फुटबॉल झालाच नाही. मी आणि लवूने रबरी हातमोजे घालून गोलसमोरची वीतभर माती खरवडून काढली. रेषा जिथे-जिथे होत्या तिथली सगळी माती काढली. लवूने ओळखीच्या नर्सरीतून लाल मातीचा टेंपो आणवला. पोरींना मी चुन्याच्या जवळ फिरकू दिलं नाही. त्या लांब बसून नवीन माती चाळत होत्या, खडे बाजूला काढत होत्या. पाठ मोडून गेली. घमेली उचलून उचलून माझे खांदे भरून आले, पण पोरींच्या बोलण्याचा आवाज सारखा येत होता आणि त्यामुळे काम जड वाटत नव्हतं.

शुक्रवारी निधी आली. पट्टी होती, काम करायची तिला बंदी होती. ती गोलपोस्टाजवळ उभी राहून बघत होती. माझे वडील स्टुलावरून उठले आणि हळूहळू तिच्यापर्यंत गेले. मला वाटलं आता काय बोलतात.

"माजा चुकला गो चेडवा," ते म्हणाले. "मियाच सांगलंय हेका चुनो घे म्हणान."

निधीची आई कणकवलीची, त्यामुळे निधीलाही मालवणी येते. "तुमचा काय चुकला आजोबा," ती म्हणाली. "तुमी थंय पाणी मारूक सांगलास काय?"

वडील हसले. मीही हसलो. तो टोला मला होता आणि तो मला लागायलाच हवा होता.

खेळाडूंची यादी शनिवारी शाळेत द्यायची होती. गोलीच्या जागेवर मी नाव लिहिलं नव्हतं. निधीला विचारायची हिंमत होत नव्हती, आणि न विचारता लिहायचा मला हक्क नव्हता. मी घमेलं ओतत होतो. ती पोस्टाजवळून चालत गोलरेषेच्या मधोमध आली आणि अनवाणी पायाने माती दाबून बघितली.

"सर, इथे जास्त टाका," ती म्हणाली. "मी इथे उभी असते. इथेच खड्डा पडतो."

मी तिथे आणखी चार घमेली टाकली. माझे डोळे भरून आले होते आणि घामामुळे ते कुणाला कळलं नसावं. संध्याकाळी यादीत तिचं नाव लिहिलं.

जूनच्या शेवटच्या रविवारी मुलुंडच्या एका शाळेबरोबर सराव सामना ठेवला. पट्टी निघून चार दिवस झाले होते, डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली होती. कोपरावर नवी कातडी आली होती, गुलाबी, तिच्यावर लांब बाहीची जर्सी. श्रुतिका बाकावर होती, घोट्याला विश्रांती. अस्मिताच्या पायात तिच्याच मापाचे बूट होते. उत्तराचा पंप माझ्या खिशात होता. रात्रभर पाऊस पडून मैदान भिजलं होतं, पण नव्या मातीने पाणी धरलं नाही. रेषा खडूच्या होत्या, निम्म्या वाहून गेलेल्या.

एक-एक अशी बरोबरी होती. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना मुलुंडच्या एका धिप्पाड मुलीने डाव्या बाजूला जोरात शॉट मारला. निधी झेपावली. बॉल पोटाशी घेऊन ती त्याच डाव्या कोपरावर आपटली आणि उठेना.

मी रेषेपाशी धावलो. तोंडात शब्द आला होता, नऊ वर्षांची सवय. तो गिळला.

"निधी, लागलं का?"

तिने बॉल सोडला नव्हता. गाल मातीला टेकलेला. "हो सर," ती म्हणाली. "खूप लागलं."

"बाहेर येतेस?"

"नाही. जरा थांबा. उठते मी."

मुलुंडचे सर पलीकडून ओरडले, "ओ सर, तुमची गोली टाइमपास करतेय! उठवा तिला!"

मी ओल्या मातीत तिच्याजवळ उकिडवा बसलो. "थांबा हो," मी ओरडून म्हणालो, "ती उठेल तेव्हा उठेल."